पाहुणे किती पिढ्या?

पाहुण्याला आपण भट्टीपुढे उभं करत नाही. पश्चिम जर्मनीने केलं. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी करार झाला, माणसं आणून कारखान्यांत, खाणींत लावली आणि त्यांना नाव दिलं 'गास्टआर्बायटर'. पाहुणे कामगार! १९७३ मध्ये भरती थांबली, पण माणसं थांबली ती तिथेच. बायकामुलं आली, बर्लिनच्या क्रॉइट्सबर्गमध्ये लेकरं जन्मली, जर्मन शाळेत शिकली आणि कागदावर परदेशीच राहिली.

कारण १९१३ चा कायदा. जर्मन कोण, तर ज्याचे आईबाप जर्मन. अठराव्या शतकात व्होल्गाकाठी जाऊन वसलेल्या जर्मनांचा वंशज कझाकस्तानातून आला, तर भाषा धड येत नसतानाही नागरिकत्व त्याच्या हक्काचं. क्रॉइट्सबर्गच्या मुलीला ते नाही. लोक परक्यांच्या संख्येला घाबरतात, असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. एकट्या १९९० मध्ये जवळपास चार लाख जर्मन वंशज आले. आकडाच खुपत असता, तर त्यांनाही तोच नियम लागला असता. खुपत होतं ते 'आपलं' नसणं.

२००० साली कायदा बदलला आणि तिथे जन्मलेल्या परदेशी मुलांना अटींवर नागरिकत्व मिळू लागलं. त्याच वर्षी संगणक अभियंते बोलावायचं ठरलं, तर एका प्रांताच्या निवडणुकीत घोषणा गाजली, 'किंडर श्टाट इंडर': भारतीय नकोत, आपली मुलं हवीत. म्हणजे आपणच की! ती घोषणा ज्यांच्या प्रचारात गाजली ते युर्गेन रुटगर्स हरले, हे बरं झालं.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताशी मनुष्यबळाचा करार केला. आपल्या नर्स, आपली इलेक्ट्रिशियन मुलं 'डेर, डी, दास' घोकताहेत. त्याच वर्षीच्या जून महिन्यापासून जर्मनीत पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आधीचा पासपोर्टही ठेवता येतो. क्रॉइट्सबर्गची ती मुलगी, आता प्रौढ बाई, दोन्ही पासपोर्ट बाळगू शकते. साताऱ्याच्या नर्सला ते जमणार नाही. आपला १९५५ चा कायदा दुसरं नागरिकत्व मानत नाही. जर्मन झाली की परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळेल, मत देता येणार नाही. भाऊबीजेला ती घरी येईल तेव्हा गावच्या मतदारयादीत तिला जागा नसेल, आणि ती जर्मनीने काढून घेतलेली नसेल.