वाकडहून एक सरळ तक्रार

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन ऊर्फ 'काइट',
तिरुवनंतपुरम.

विषय : आपण शाळांचा पैसा वाचवून इतरांची चालवलेली बदनामी त्वरित थांबवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी वाकडला राहतो. हिंजवडीच्या आयटी पार्कचा हा उंबरठा. सकाळी भूमकर चौकात खडा भिरकावला तर तो प्रोग्रामरलाच लागेल. आमची महापालिका 'आशियातली श्रीमंत महापालिका' म्हणून वर्षानुवर्षे मिरवत आली. जकात गेली, मिरवणे गेले नाही. अशा गावात राहून आपल्या बातम्या वाचाव्या लागतात, हे दुःख आपणांस कळणार नाही.

2019 साली आपण जाहीर केलेत की शाळांतल्या 2 लाख संगणकांवर आपली स्वतःची, उबुंटूवर बेतलेली मुक्त लिनक्स प्रणाली बसवली आणि त्यामुळे 3 हजार कोटी रुपये वाचले. मी भागाकार केला. संगणकामागे दीड लाख! शाळांना सवलतीचे दर असतात हे आपणही जाणता, तेव्हा एवढ्याचे परवाने कुणी शाळेच्या संगणकात भरले असते यावर माझा विश्वास नाही. पण माझा आक्षेप वेगळाच आहे. आकडा फुगवण्याचा मान परंपरेने खर्च करणाऱ्याचा. बचत करणाऱ्याने तो हिसकावून घ्यायचा, ही कुठली रीत? शिवाय दहावा हिस्सा खरा धरला तरी 300 कोटी उरतातच, आणि तेही सुखाने झोपू देत नाहीत.

आमची पद्धत साधी आहे. माझ्या माहितीतल्या एका शाळेत संगणक कक्ष आहे. कक्षाला कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर. एकदा योग आला, दार उघडले. चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. प्लॅस्टिकची झाकणे निघाली, भिंतीवरचे भले थोरले पॅनेल उजळले आणि त्याच्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' अशी विनंती उमटली. परवान्याचे नूतनीकरण कुणी करायचे ते ठरत नव्हते. मुले मात्र पॅनेलपुढे हात जोडल्यासारखी उभी होती. देवळात तरी घंटा वाजवू देतात.

राज्यातही आम्ही काही कमी केलेले नाही. केंद्राच्या शालेय संगणक शिक्षणाच्या आयसीटी योजनेत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' हे महामार्गाचे सूत्र आम्ही शाळेला लावले. यंत्रे ठेकेदाराची, संगणक शिक्षकही ठेकेदाराचा. मुदत संपली की यंत्रे शाळेकडे आणि शिक्षक आझाद मैदानात उपोषणाला. यंत्र उरले, शिकवणारा गेला. बैल विकून कासरा जपून ठेवण्यातला हा प्रकार आपल्याला जमणार नाही.

आपले पाहावे तर सगळेच उलटे. 2001 साली 'आयटी ॲट स्कूल' सुरू केलेत, तेव्हा अभ्यासक्रम एका कंपनीच्या मालाभोवती फिरतो म्हणून आपल्याच शिक्षकांच्या संघटनेने हरकत घेतली. आमच्याकडे अशा शिक्षकांना जनगणनेला पाठवतात. आपण त्यांचे ऐकलेत! त्यांच्यातूनच प्रशिक्षक घडवलेत. पुढे 2018 साली 'लिट्ल काइट्स' काढून मुलांच्या हाती संगणक सोपवलेत. आमच्याकडे मुलाने यंत्र उघडले तर वॉरंटी जाते. लाज म्हणून काही आहे की नाही?

खरी गोम इथेच आहे. मुक्त सॉफ्टवेअर फुकट असते, हे अर्धेच खरे. वाचलेला पैसा माणसांवर घालावा लागतो, नाहीतर तेही झाकणाखालीच पडून राहते. आणि माणसावर खर्च केला की फीत कुठे बांधायची? पॅनेलचे उद्घाटन होते. बाईंना लिनक्स येऊ लागली याचे उद्घाटन कसे करणार? बाईंना हार घालून कोनशिलेवर बसवणार? शून्य रुपयांच्या वस्तूची निविदा निघत नाही. निविदा नाही म्हणजे सर्वात कमी दराचा बोलीदार नाही, म्हणजे फाइलच नाही. जिची फाइल नाही ती वस्तू सरकारदरबारी अस्तित्वातच नसते.

केंद्राने मार्च 2015 मध्ये मुक्त स्रोताचे धोरण काढले. पुरवठादाराने मुक्त पर्याय डावलला तर कारण द्यावे, असे त्यात लिहिले आहे. राज्यांना ते ऐच्छिक. आम्हाला 'ऐच्छिक' हा शब्द शाळेपासून कळतो; त्या विषयाचा तास होत नाही.

बाहेरून काही आणायचेही नाही, हे तर फारच लागते. सरकारी संगणक संस्था सी-डॅक, तिचे मुख्यालय पुण्यात. त्यांनी 2007 सालीच 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स आणली. देवनागरीचा 'लोहित' हा खुला टंक, त्याची देखभाल रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ज्या 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक मंचावर उघडतो, तो सनबर्ड या खुल्या प्रणालीवर उभा आहे. म्हणजे पुस्तक मुक्त प्रणालीशी बोलते, फक्त कक्षच कुलूपबंद. दर चैत्री पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येते. तेवढेच येते. हिंजवडीतला कोड काही वाकडच्या शाळेपर्यंत पोचत नाही, आणि भूमकर चौकातली कोंडी हे कारण दर वेळी पुरत नाही.

आता तर अडचण वाढली आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला. पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांना दारातच अडवते. धडधाकट संगणक एका तारखेने म्हातारे झाले. लिनक्स टाकली तर ते आणखी काही वर्षे चालतील, पण मग नवी खरेदी कशी होणार? भंगारात घालावेत, तर कुदळवाडीतली भंगाराची गोदामे महापालिकेने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत भुईसपाट केली.

तरी आपणांस विनंती की, एक तर खर्च वाढवावा, नाहीतर बातम्या छापणे बंद करावे.

कळावे,
वाकडचा एक करदाता

ता. क. : आपला एखादा प्रशिक्षक सुट्टीत पुण्याकडे येणार असेल तर आठवडाभर आधी कळवा. शिपाई निवडणुकीवरून परत आला आहे. किल्लीचे मी बघतो.