वाचले ते कुणाचे?

घरून काम केलं की पैसे वाचतात, हे गणित ज्याने पहिल्यांदा मांडलं तो माणूस त्या वेळी नक्की ऑफिसात बसलेला असणार. कागदावर गणित चोख आहे. प्रवास नाही, बाहेरचं खाणं नाही, इस्त्रीचे कपडे नाहीत. कॅमेऱ्याला दिसतो तेवढाच भाग नीटनेटका ठेवला की झालं. २०२०च्या मार्चनंतर हे गणित घरोघर मांडलं गेलं. आता कंपन्यांनी आठवड्यातले काही दिवस परत बोलावून घेतलंय, उरलेले दिवस आम्ही घरी. आणि महिनाअखेरीस पाहावं, तर वाचलेले पैसे कुठेच सापडत नाहीत. कपाटात नाहीत, बँकेत नाहीत, नवऱ्याच्या खिशात तर नाहीतच.

डोंबिवलीकरांच्या बाबतीत या गणिताची पहिली पायरीच डळमळीत आहे. लोकलचा सेकंड क्लासचा पास इतका स्वस्त, की तो न काढून जे वाचतं त्यात चौघांचा हॉटेलातला नाश्तासुद्धा धड होत नाही. उलट त्या पासात काय काय यायचं ते आता कळतंय. संध्याकाळी लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली, की दादरहून घेतलेली गवार पिशवीतून बाहेर निघायची. घाटकोपर सोडेपर्यंत ती मोडून व्हायची आणि ठाणे येईपर्यंत शेजारणीच्या मेथीलाही हात लागायचा. घरी पोचल्यावर भाजी थेट फोडणीला. आता तीच गवार माझ्या लॅपटॉपशेजारी ताटात पडून असते आणि ‘तुमचं मत काय?’ असं कुणी विचारलं की मी हातातली शेंग खाली ठेवून मत देते.

त्याच डब्यात आमची भिशी होती. महिन्याला ठरलेली रक्कम, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला सगळा गल्ला. व्याज शून्य. कुठलाही आर्थिक सल्लागार याला गुंतवणूक म्हणणार नाही. पण हप्ता चुकवला, तर दुसऱ्या दिवशी त्याच बायकांच्या घोळक्यात उभं राहायचं असतं आणि ‘तू कुठे उतरणार गं?’ असं त्यांनाच विचारायचं असतं. या धाकाची सर कुठल्याही बँकेला नाही. घरी बसल्यावर भिशी मोबाइलवर आली आणि धाक गेला. हळूहळू भिशीही गेली. तिच्या जागी एसआयपी आली. ती एका बोटाने सुरू होते. गणपतीत पाहुणे आले की त्याच बोटाने थांबवताही येते, आणि कुणी तोंड वाकडं करत नाही.

विजेच्या बिलावरून आमच्या घरात मध्यंतरी चौकशी समितीच बसली होती. समिती म्हणजे नवरा, कारण कॅलक्युलेटर त्याच्याकडे. त्याने आधी लॅपटॉपवर संशय घेतला. ६५ वॅटचा चार्जर, नऊ तास. म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त, महिन्याला बारा-तेरा युनिट. लॅपटॉप निर्दोष सुटला. मग फ्रिज, मग सासूबाईंचा टीव्ही. शेवटी गुन्हेगार सापडला तो बेडरूमच्या भिंतीवर: दीड टनी एसी, जोर लावला की तासाला एक ते दीड युनिट. वर महावितरणची पायऱ्यांची पद्धत अशी, की तीनशे युनिट ओलांडले की पुढच्या प्रत्येक युनिटला वरचा दर. ऑफिसात हाच एसी कंपनीच्या खर्चाने चालायचा आणि आम्ही तिथे शाल पांघरून बसायचो. समितीने अहवाल दिला, की एसी फक्त महत्त्वाच्या मीटिंगच्या वेळी लावावा. तेव्हापासून नवऱ्याच्या सगळ्याच मीटिंगा महत्त्वाच्या झाल्या. माझ्या मीटिंगा जेवणाच्या टेबलावर होतात. तिथे पंखा आहे.

टेबलावर बसणाऱ्याला आणखी एक अडचण असते. ते टेबल दार, स्वयंपाकघर आणि गॅलरी या तिघांच्या मधोमध येतं. बेल वाजली की सगळ्यांत जवळ मीच. तिसऱ्या मजल्याचं कुरिअर, वरच्या मजल्याचा प्लंबर, सोसायटीच्या टाकीसाठी आलेला माणूस, सगळ्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय की त्या घरीच असतात. भंगारवाल्याची हाक ऐकून रद्दी घेऊन खाली धावायचं तेही मीच, कारण चार पैसे मिळतात. त्या चार पैशांसाठी मी कंपनीची किती मिनिटं वापरली, हे कंपनीला ठाऊक नाही. आणि कंपनीसाठी मी रात्री किती मिनिटं वापरली, हे रद्दीवाल्याला ठाऊक नाही. दोघांनाही मी स्वस्तातच पडते.

काटकसरीचं एक शास्त्र मात्र घरी बसून पक्कं होतं. कॅमेरा बंद असलेली मीटिंग ही लसूण सोलायची वेळ. कॅमेरा सुरू पण आपण बोलायचं नाही, अशी मीटिंग असेल तर टेबलाखाली वाटाणे. आपण बोलायचं असेल, तर कुकर आधीच उतरवून ठेवायचा. कारण तिमाहीचे आकडे सांगताना मागे तिसरी शिट्टी झाली, की आकड्यांवरचा ऐकणाऱ्यांचा विश्वास उडतो. या शास्त्रामुळे सोललेल्या लसणाचं पाकीट विकत आणावं लागत नाही. तेवढे पैसे वाचतात. ते त्याच संध्याकाळी खर्चही होतात. मुलाला उद्या शाळेत तक्त्याचा कागद हवा असतो, हे त्याला रात्री नऊला आठवतं. दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप असतं, पण ठरावीक रकमेच्या खाली माल घेतला तर पोचवायचे पैसे पडतात. ते वाचवायला आपण मखाणे घेतो, मग बिस्किटं, मग ‘लागतातच’ म्हणून कचऱ्याच्या पिशव्या. घरात मखाण्यांचा हा साठा झालाय. उपास करणारं कुणी नाही.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून बघत असतात. त्यांना या घरून कामाचं कौतुक अजिबात नाही, आणि त्याला कारण आहे. त्यांनी उभी हयात घरून काम केलं, फक्त तसं नाव कुणी दिलं नव्हतं. त्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. दुपारी जेवणं आटोपली, की जमिनीवर चटई टाकून साडी पसरायची, फॉल आधी पाण्यातून काढून वाळवलेला, रिळाचा रंग उजेडात काठाशी धरून बघायचा आणि मग हाताने बारीक टाके. टाका सुलट बाजूला दिसता कामा नये, ही त्यातली कसोटी. एका बाजूला शेगडीवर दूध, दुसऱ्या बाजूला पाढे म्हणणारा मुलगा, म्हणजे आत्ताचा चौकशी समितीचा अध्यक्ष. मिळालेले पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. एजंटबाई दर महिन्याला घरी येऊन हप्ता न्यायच्या आणि चहा घेऊन जायच्या. पाच वर्षं भरली की हातात रक्कम. आमच्या घरातलं गोदरेजचं कपाट हे असल्या टाक्यांचं आहे.

हे काही एकट्या आईंचं नाही. सोलापुरात हजारावर मजुरी घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या गेल्या. मुंबईत गिरगावात १९५९च्या मार्चमध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं पुढे ‘लिज्जत’ झालं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथल्या बायका आजही मळलेलं पीठ घरी नेतात, लाटून-वाळवून पापड परत देतात आणि वजनावर मजुरी घेतात. पोळपाट घरचा, गच्ची घरची, वेळ घरचा. म्हणजे जागेचं भाडं वाचवायचं आणि मूल नजरेआड होऊ द्यायचं नाही, ही व्यवस्था लॅपटॉपच्या फार आधीची. आम्ही फक्त पापडाच्या जागी पॉवरपॉइंट लाटतो.

आईंकडे त्या काळातली एक वही आहे. साडीमागे किती मिळाले, रिळं कितीची आली, आर.डी.त किती गेले, पैशापैशाचा हिशेब. मी ती चाळली तेव्हा एक गोष्ट खटकली. एक साडी करायला वेळ किती लागला, हे एकाही पानावर नाही. विचारलं तर म्हणाल्या, “वेळ कसला लिहायचा? तो घरचाच होता की.”

घरात पैसे वाचतात ते बहुतेक या ‘घरच्याच’ वेळेतून, असं मला तेव्हापासून वाटायला लागलंय. लसणाचं पाकीट वाचलं म्हणजे कुणाची तरी वीस मिनिटं गेली. पाळणाघर वाचलं म्हणजे आईंची दुपारची झोप गेली. बाहेरचा डबा वाचला म्हणजे कुणीतरी अर्धा तास आधी उठलं. खर्च गेला नाही, नुसता एका वहीतून उठून दुसरीकडे जाऊन बसला, आणि ती दुसरी वही कुणी लिहीत नाही. सरकारने मात्र ती लिहून पाहिली. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. हे आकडे मी जेवताना वाचून दाखवले. नवरा म्हणाला, “सत्त्याण्णव? हा कोण माणूस आहे?” आपली मिनिटं सरासरीपेक्षा कमी भरताहेत की जास्त, याचा अंदाज तो प्रामाणिकपणे घेत होता, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

बचतीवर त्याची स्वतःची श्रद्धा मार्च महिन्यापुरती होती. ८० सी कलमाखाली दीड लाखापर्यंत सूट मिळायची, म्हणून फेब्रुवारी संपत आला की पीपीएफ, विमा, मिळेल तिथे पैसे कोंबायचे. २०२३-२४पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही सूट नाही. त्यामुळे आमच्याकडे मार्चमध्ये आता शांतता असते. “सूटच नाही तर कशाला अडकवायचे?” हा त्याचा युक्तिवाद. त्यावर सोफ्यावरून आवाज आला, “सरकारने सांगितलं म्हणून कुणी पैसे साठवतं होय रे? कपाटाला काय सूट मिळाली होती मला?” समितीच्या अध्यक्षांनी त्याच रात्री पीपीएफमध्ये पैसे भरले.

तर आम्ही आता नवी वही घातली आहे. डाव्या बाजूला काय वाचलं, आणि उजव्या बाजूला ते कुणाच्या वेळेतून वाचलं. फार काटेकोर नाही, पण रोज रात्री ज्याने त्याने आपलं लिहायचं. यामुळे घरात क्रांती झालेली नाही. झालं ते इतकंच, की काही बचती आम्ही आपखुशीने सोडून दिल्या. पोळ्यांना बाई लावली. उजवी बाजू बघितल्यावर त्या पैशांना नाही म्हणवेना. आठवड्यातले दोन दिवस मुलगा शाळेतून परस्पर पाळणाघरात जातो आणि त्या दुपारी आई झोपतात. एसीच्या खोलीत आम्ही पाळ्या लावल्या, तेव्हापासून माझ्याही मीटिंगा महत्त्वाच्या झाल्या आहेत. नवऱ्याच्या नावापुढे पहिल्या रात्री ‘लसूण’ असा एकच शब्द होता, पण इतक्या ठळक अक्षरात, की मागच्या पानावर उमटला. हल्ली तिथे ‘कुकर’ आणि ‘तक्त्याचा कागद (दुकानातून, चालत)’ अशाही नोंदी दिसतात. मुलाने ‘दार उघडलं’ असं लिहून समोर पाच रुपये मागितले. त्याला ही वही पगारपत्रक नाही, हे समजावण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. ती मी लिहिली.

आई पहिले काही दिवस वहीला शिवल्या नाहीत. मग एका रात्री चष्मा लावून बसल्या आणि त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद केली: ‘दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी. टीव्हीचा आवाज बंद ठेवून मालिका पाहिली. दोन तास. गप्प.’

नवरा म्हणाला, “आई, गप्प बसणं हे काम कसं होईल?”

“तू बसून दाखव,” आई म्हणाल्या, आणि पुढच्या ओळीवर त्याचं नाव लिहून समोरची जागा कोरी ठेवली.