मूळ गाव मिनियापोलिस, हल्ली मुक्काम कासेगाव

नंदुरबारात हिवाळ्यात पाहुणा यायचा म्हणजे आधी त्याची शिंक ऐकू येते. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, वारा जरा फिरला की नाकातोंडात जाते. पाहुणा रुमाल शोधत असतो आणि आम्ही अभिमानाने सांगत असतो, "आमची मिरची आहे!" आता खरे सांगायचे तर ही बाई मूळची इथली नाहीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडाकडून ती इकडे आली. तिकडे थायलंडातही ती अशीच उपरी, आणि आज तिच्याशिवाय थाई स्वयंपाक होत नाही. इतक्या वर्षांत तिच्याकडे कोणी रहिवासी दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण फार काटेकोर. नवा माणूस दिसला की पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी "तुमनं गाव कोनतं?" हे विचारून घेतो. त्याने "पुणे" म्हटले तरी आपले समाधान होत नाही. "ते झालं हो, पण मूळचे कुठले?"

खरे तर आम्हा नंदुरबारकरांनी हा प्रश्न जरा जपूनच विचारावा. आमचा जिल्हाच १ जुलै १९९८चा. त्याआधी आम्ही धुळ्याचे, त्याही आधी पश्चिम खानदेशचे. घर तेच, पत्ता तेवढा बदलत गेला. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर तर कहरच. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या बरोबर मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. पाठीवर रंगाने तसे लिहूनच ठेवले आहे. लोक तिथे मोबाइलवर फोटो काढतात. नवराबायको शेजारी बसली तरी वेगवेगळ्या राज्यांत असतात, आणि नवऱ्याने जरा पाय पसरले की आंतरराज्य अतिक्रमण होते. अशा बाकावर बसून कोणाला "मूळचे कुठले?" म्हणायचे?

तरीही आम्ही म्हणतोच. १९८५ साली मेधा पाटकर नर्मदेच्या खोऱ्यात आल्या तेव्हा त्यांनाही हा प्रश्न चुकला नसणार. मुंबईच्या मुलीसाठी अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली म्हणजे परदेशच. भाषा वेगळी, डोंगर वेगळे, आणि सरकारी कागदावर त्या डोंगरातली माणसे जवळजवळ नाहीतच. त्या पीएच.डी. करत होत्या. ती अर्धवट राहिली आणि बाई खोऱ्यात राहिल्या. पुढे नर्मदा बचाव आंदोलन झाले. धरण, विस्थापन, उपोषणे यांवर भांडायला दोन्ही बाजूंनी पुष्कळ लोक आहेत. त्यांचे चालू द्यावे. मला कौतुक वाटते ते नव्वदच्या दशकात चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत सुरू झालेल्या जीवनशाळांचे. मोर्चाचा फोटो पेपरात येतो, पण पाड्यावरच्या मुलांना रोज एका जागी बसवणे हे काम कोणत्याही मोर्चापेक्षा अवघड आहे, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

पीएच.डी.चा आणि बाहेरून येऊन रुजलेल्या बायकांचा काहीतरी संबंध असावा. गेल ऑम्वेट अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलीला प्रबंध दिला, भारत पाटणकरांशी लग्न केले, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी राहिल्या, २०२१च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत. सासूबाई इंदुताई पाटणकर म्हणजे प्रतिसरकारच्या काळातल्या स्वातंत्र्यसैनिक. एरवी आपल्याकडे सासू-सुना एका स्वयंपाकघरात टिकल्या तरी पेढे वाटावेत. या दोघी टाकून दिलेल्या बायकांच्या हक्कांसाठी एकाच चळवळीत उभ्या राहिल्या. सुनेचे माहेर सातासमुद्रापार असल्याचा सासूला झालेला एवढा मोठा फायदा दुसरा माहीत नाही.

तिसऱ्या मॅक्सीन बर्नसन. याही अमेरिकेच्या, याही पीएच.डी.साठी १९६६च्या सुमारास फलटणला आल्या. विषय काय, तर फलटणकरांचे बोलणे. फलटणकर बोलत राहिले, बाई ऐकत राहिल्या आणि बघता बघता मॅक्सीनमावशी झाल्या. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना गोळा करून शिकवू लागल्या. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू झाले. थोडी अक्षरे आणि थोड्या काना-मात्रा एकदम घ्यायच्या, म्हणजे मुलाला लगेच अर्थाचे शब्द वाचता येतात, ही त्यांची वाचन शिकवण्याची रीत. मराठी माणसाच्या मुलाला मराठी वाचायला अमेरिकन मावशीने शिकवायचे, आणि आपण तिकडे इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशाच्या रांगेत! बरे, ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमला निंबकर तरी सदाशिव पेठेतल्या असतील म्हणावे, तर त्याही मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेच्याच. अपंग आणि आजारी माणसांना रोजची कामे पुन्हा करता यावीत याचे शास्त्रशुद्ध शिक्षण भारतात त्यांनी सुरू केले, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली.

या बायकांनी असे काय केले, की गावाने मूळ गाव विचारणे सोडून दिले? मला वाटते, त्यांनी कंटाळवाणी कामे केली. भाषण करायला आपल्याकडे कधी माणूस कमी पडत नाही. सतरंजी उचलायला, पावतीपुस्तक जुळवायला, "पुढच्या मंगळवारी नक्की" म्हणणाऱ्या साहेबाकडे पुढच्या मंगळवारी खरोखर जायला माणूस मिळत नाही. साध्या ग्रामसभेचेच बघा. कायद्याने कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. तेवढेही मूळचे गावकरी जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पुन्हा भरवून उरकून टाकतात. मूळचे लोक कुठे असतात? काही पारावर, काही सुरतेला, काही ऊसतोडीला, आणि शिकलेले पुण्यात फ्लॅटच्या हप्त्यात. यातले पोटासाठी गेले त्यांना बोल लावायचा नाही. पण पारावर बसून "ही बाहेरची बाई कोण आम्हाला सांगणार?" म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की बाबा, तू आतला आहेस ना, मग मागच्या सभेला कुठे होतास?

गाव जन्माने मिळते हे खरे, पण ते सांभाळतो त्याचेच राहते. तेव्हा तुमच्या गल्लीत कोणी परमुलखातली बाई तुंबलेल्या गटारीचा अर्ज घेऊन सह्या मागायला आली, तर तिचे मूळ गाव नंतर विचारा. आधी सही करा, आणि जमले तर तिच्याबरोबर नगरपालिकेपर्यंत जा.