आत्याचा हक्क

घाटाखालच्या घराण्यांत एक आत्या अशी असतेच, की तिला बारशाचं आमंत्रण द्यायचं नसतं, तारीख विचारायची असते. आमची मोठी आत्या खामगावची. पाळण्याखालून वरवंटा फिरायच्या आत ती पदर खोचून तयार. बाळाच्या कानात कुर्रर्र करते, पाठीत पडणारे बायकांचे धपाटे झेलते आणि लगेच घुगऱ्यांत मीठ कमी असल्याचं जाहीर करते. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं, दोन्ही खाती तिच्याकडेच.

चाळीस वर्षं तिनं मुलींसाठी एकच नाव लावून धरलं: जिजा. जिजाऊ १५९८ साली १२ जानेवारीला जन्मल्या त्या आपल्या सिंदखेडराजात, लखुजी जाधवांच्या घरी. "आपल्या मातीतलं नाव टाकून पोट्टीले पिंकी म्हंता?" हा तिचा सवाल. तुकोबांची बायकोही जिजाईच, लोक तिला आवली म्हणत. म्हणजे त्या काळी नाव चांगलं चालतं होतं. पुढे त्याला 'बाई' चिकटली, ते पणज्यांच्या वाट्याला गेलं आणि हजेरीपटावर स्वाती, वर्षा, मग पूजा आल्या. जिजाबाई उरली ती चौकाला, शाळेला. मुंबईत तर तिनं व्हिक्टोरिया राणीला दोनदा उठवलं: भायखळ्याच्या बागेतून आणि १९९७ मध्ये माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून, तेही आद्याक्षरांना धक्का न लावता. पाळण्यात शिरणं मात्र तिला जमेना.

माझ्या बहिणीच्या बारशाला आत्यानं 'जिजा' म्हटलं, तर बऱ्हाणपूरचे पाहुणे बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. हिंदीत जीजा म्हणजे बहिणीचा नवरा. बहीण शेवटी स्नेहल झाली. आत्या तिला अजूनही नुसतं "व पोरी" म्हणते; स्नेहल हे नाव तिच्या तोंडून आजतागायत कोणी ऐकलेलं नाही.

यंदा पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. खरी आत्या पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे मान पुन्हा मोठीकडे. पुतण्या पाया पडून म्हणाला, "आत्याआजी, तुझ्याच आवडीचं ठेवलंय. जिजा!" भिंतीवर थर्माकोलची सोनेरी अक्षरं आधीच चिकटवली होती. आम्हाला वाटलं, म्हातारी आता डोळ्याला पदर लावणार.

"कायले?" आत्या म्हणाली. "आमच्या गल्लीत दोन जिजा हायत. एक तर कुत्रीच्या पिलालेही जिजा म्हणे, म्या धरून रागावली. साऱ्यायनं ठेवलं, मंग आपुन काहून ठेवायचं?"

"अगं, पण तूच ना..."

"तवा कोणी ठेवत नव्हतं म्हून." मग तिनं सुनांकडे पाहिलं. "एवढा पुळका हाय तर जिजाऊच्या मायचं ठेवा. म्हाळसा." सुना पटापट घुगऱ्या निवडू लागल्या.

तेव्हा तिनं नवं काढलं: कमळजा. लोणारच्या विवरात, तळ्याकाठच्या देवळातली देवी. कमळजा म्हणजे कमळातून जन्मलेली, आणि त्या खाऱ्या पाण्यात कमळ उगवायची सोय नाही, हे पुतण्यानं दबक्या आवाजात सांगून पाहिलं. आत्याकडे पुरावा तयार होता. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं की नाही? शास्त्रज्ञांनी त्याचं कारण खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव म्हणून सांगितलं, ते तिला मान्य होतं. "पर रंग कोनाचा?"

वाद तिथेच थांबला, कारण बाळ रडायला लागलं. आत्या वाकली. कुर्रर्र झालं, धपाटे पडले, टाळ्या वाजल्या, पुण्याचा कॉल तेवढ्यात कट झाला. सोनेरी जिजा भिंतीवर चमकत राहिली. कानात काय गेलं ते कोणालाच ऐकू आलं नाही.

घुगऱ्या वाटून झाल्यावर मात्र आत्या तोंडात चार दाणे टाकत पाळण्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "कमळे, मीठ कमीच हाय व."