काशीहून परतलेल्या सरांना खुले पत्र

सर,



काशी, प्रयागराज, अयोध्या अशी तुमची यात्रा निर्विघ्न पार पडली. गंगाजल आणि पेढे गल्लीत घरोघर पोचले. आम्हालाही मिळाले, पेढे गोड होते. तुम्ही तिकडे पुण्य जोडत होतात तेव्हा इकडे उमरग्यात तुमच्या घरात काय चाललं होतं, ते गल्लीला माहीत आहे. तुम्हालाही कळावं म्हणून हे पत्र.

निघतानाची तुमची तयारी मी गच्चीवरून बघत होते. पेपर बंद, दूध बंद, गॅसची टाकी बंद, नळाचा मुख्य कॉक बंद. पाण्याच्या बादल्यांवर घट्ट झाकणं, डास होऊ नयेत म्हणून. तुळशीवर हिरवी जाळी, आणि मला सूचना: "वहिनी, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर घाला हो, ऊन लई हाय." इतकी काळजी माणूस पोटच्या पोराची घेत नाही.

मग गाडी गेटबाहेर आली आणि तुमचाच बोका आडवा गेला. गणिताचे शिक्षक तुम्ही, पण अपशकुन तो अपशकुन. गाडी थांबवलीत, खाली उतरलात, बोक्याला मानगुटीला धरून घरात टाकलंत, पुन्हा कुलूप लावलंत, पाच पावलं मागे जाऊन मग निघालात. तुमची मांजर मनी आधीच आत होती. अशा रीतीने यात्रेचं विघ्न टळलं.

दुसऱ्या रात्री आतून ओरडणं ऐकू आलं. मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे, खिडक्या बंद, स्वयंपाकघरावर पत्रे. तुम्हाला फोन लावला तर मागे आरतीच्या घंटा वाजत होत्या. तुम्ही म्हणालात, "मांजराला काय होतंय वहिनी, ते आपलं आपण बघतंय. कुत्र्यागत नसतंय ते." खरं आहे. कुलूप आतून उघडता येत नव्हतं, नळ सोडता येत नव्हता आणि बादलीचं झाकण उचलता येत नव्हतं, एवढ्या किरकोळ अडचणी सोडल्या तर मांजर अगदी स्वावलंबी प्राणी आहे.

किल्ली मुरूमला, तुमच्या मेहुण्यांकडे. तुळस शेजारणीच्या भरवशावर सोडता येते, कपाट नाही, समजू शकते. लग्नसराई असल्यामुळे मेहुणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवण उरकून आले. दार उघडलं. परातीत तुम्ही ठेवलेलं दूध फाटून पिवळं झालं होतं, कडेनं मुंग्यांची रांग, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी दगडासारखी बसलेली. घाण गादीवर होती, कारण मातीचं घमेलं ठेवावं हे कुणाला सुचलं नव्हतं. मनीनं पाणी दिसताच पातेल्यात तोंड घातलं ते वर काढेना. बोका मोरीच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा बसत होता, जोर करत होता आणि थेंब येत नव्हता.

बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. पाणी कमी पडलं, त्यात जीव धास्तावलेला असला, की तो तुंबतो आणि मग एक-दोन दिवसांत प्राण जातो. आपल्याकडचे डॉक्टर दिवसभर म्हशी बघतात, तरी त्यांनी पोटाला हात लावताच सांगितलं, सोलापूर गाठा. आंब्याच्या क्रेटमध्ये गोणपाट घालून, हैदराबाद हायवेनं शंभरेक किलोमीटर नेला. तिथं नळी घातली. वाचला. वाटेत तो एकदाही ओरडला नाही, त्यानेच माझा धीर सुटला.

मोठ्या शहरांत मांजरं ठेवून घेणारी वसतिगृहं असतात, पैसे घेऊन घरी येणारी माणसं असतात. आपल्याकडे शेजार आहे, आणि या कामाला तो खरं तर जास्त बरा. मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत अडकलेला असतो. त्याला मुरूमला नेऊन बांधण्यापेक्षा त्याच्याच घरी कुणी दोन वेळा जाऊन आलेलं चांगलं. दोन-तीन पसरट भांड्यांत पाणी, रोज बदललेलं. रेतीचं घमेलं, रोज उपसलेलं. दूध नको, पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही. नुसत्या दूधभाकरीवर ठेवलं तर मांसातून मिळणारं टॉरिन मिळत नाही आणि मग डोळे आणि हृदय, दोन्ही कामातून जातात. तुमच्या घरात अंडं चालत नाही हे ठाऊक आहे. दुकानात मांजराचं कोरडं खाणं मिळतं, ते चालवा. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. तुळशीच्या फोटोसाठी तुम्ही मला रोज मेसेज करत होतात, त्यात दोन शब्द वाढले असते.

आता प्रायश्चित्ताचं. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेलाय, तेव्हा बोक्यानं तुमचं किती वाचवलं त्याचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय तुम्ही काशीतच होतात, जाण्यायेण्याचाही खर्च नव्हता. कायदा त्या मानानं फारच दयाळू. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960, कलम 11: मालकानं जनावराला पुरेसं खाणं-पाणी न देणं, उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत सोडून जाणं, हा गुन्हा. पहिल्या खेपेला दंड 10 ते 50 रुपये. तुमच्या पेढ्यांचा एक पुडाही त्याहून महाग असेल.

सोलापूरच्या डॉक्टरांचं बिल आणि गाडीभाडं सोबत जोडलं आहे. गादीचं मी धरलेलं नाही.

दिवाळीत तुम्ही कन्याकुमारीला निघणार असल्याचं ऐकते. जरूर जा. मेहुण्यांकडून मी किल्लीची एक नक्कल करून घेतली आहे. ती परत मागू नका, मिळणार नाही. बोका सध्या आमच्याच ओट्यावर असतो. तुम्ही गाडी काढाल त्या दिवशी त्याला दोन तास घरात घेईन, म्हणजे तुमचा खोळंबा व्हायला नको.

आपली,
तुळशीला पाणी घालणारी शेजारीण