काकिनाड्याचं वादळ आणि आमचं आवळीभोजन

अहो, दूध आधी आत ठेवून या, मग निवांत ऐका. मी आहे इथंच, भिंतीपाशी. ऐकलंत का, उद्याचं आवळीभोजन रद्द झालं म्हणे! रद्द म्हणजे... पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी काल दुपारी परस्पर केटररला फोन करून नको म्हणून कळवलं. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. ॲडव्हान्स गेला तो वेगळाच.

तुम्ही म्हणाल, पावसामुळे केलं असेल. पावसामुळेच हो! पण कुठल्या पावसामुळे, ते ऐका.

रविवारी खाली पार्किंगमध्ये बसलो होतो ना सगळ्या. आपल्या तेलुगू आंटीगारूंचं म्हणणं, कार्तिकातलं वनभोजन रविवारीच करू, पोरांना सुट्टी असते. वहिनींचं म्हणणं, आवळीखाली जेवायचं तर अक्षय्य नवमीला, म्हणजे शुक्रवारीच. ‘आमच्याकडे अस्संच असतं.’ हे म्हणताना त्यांची मान कशी वळते, ठाऊक आहे ना तुम्हाला? तेवढ्यात एनजीआरआयमधून रिटायर झालेले काका मध्येच म्हणाले, ‘बंगालच्या उपसागरात सिस्टिम तयार होतेय. मंगळवारी रात्रीपर्यंत किनाऱ्याला लागेल. पुढचे दोन दिवस काही खरं नाही.’ झालं! वहिनी फाडकन म्हणाल्या, ‘काका, तुम्ही भूकंपवाले ना? पावसाचं बेगमपेटच्या वेधशाळेला सांगू द्या की.’ अगंबाई, काकांचा चेहरा असा उतरला... चहाचा कप अर्धा तसाच ठेवला आणि उठले. आंटीगारूंना मराठी सगळं कळतं, बरं का. त्या शेंगा सोलत बसल्या, मान वर केली नाही.

आपल्या तारनाक्याची हीच पंचाईत आहे. इकडे युनिव्हर्सिटी, तिकडे सीसीएमबी, आयआयसीटी, पलीकडे एनआयएन. दर बाल्कनीत एक सायंटिस्ट आणि दर सायंटिस्टच्या घरी एक बायको, जी त्याचं ऐकत नाही!

तर काय सांगत होते... हां. सोमवारपासून जिकडेतिकडे त्या वादळाचंच नाव, मोंथा, मोंथा. वहिनींच्या फोनवर हे रंगच रंग. पिवळा आला की त्या जिन्यात, केशरी आला की आमच्या दारात. बरं, हब्सीगुड्याला त्यांची जाऊ राहते, ती आणखी भर घालते. आता मला सांगा, हब्सीगुडा इथून हाकेच्या अंतरावर, पण तो मेडचल-मलकाजगिरी जिल्ह्यात आणि आपण हैदराबाद जिल्ह्यात. अलर्ट निघतो जिल्ह्याजिल्ह्याचा. म्हणजे एखाद्या दिवशी जावेचा रंग वेगळा आणि वहिनींचा वेगळा. त्यावरून दोघींचं फोनवर चाललेलं, ‘तुमच्यापेक्षा आमच्याकडे जास्त आहे हं!’ रेशीमसाड्यांसारखं!

काका मात्र जिन्यात भेटले तेव्हा मला नीट सांगत होते. ते रंग म्हणजे किती मिलिमीटर पाऊस पडणार याची पट्टी नव्हे म्हणे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आणि ‘तुरळक ठिकाणी’ असं लिहितात ना, त्याचा अर्थ त्या भागातल्या शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी पाऊस. उरलेली पंचाहत्तर कोरडीसुद्धा राहतील. मी म्हटलं, काका, मग आपला आवळीचा पार्क पंचविसात की पंचाहत्तरात? हसले जरा. रविवारनंतर पहिल्यांदाच.

पण वहिनींचंही एका अर्थी चुकलं नाही हो. 2020 चा ऑक्टोबर आठवतो ना? 13 तारखेची ती रात्र! तेव्हाही सकाळी अशाच एका सिस्टिमनं काकिनाड्यापाशीच किनारा ओलांडला होता, आणि संध्याकाळपासून आपल्या डोक्यावर जे ओतलं... घटकेसरकडे 32 सेंटिमीटर पडला. 20 सेंटिमीटरच्या पुढे गेला की वेधशाळा त्याला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते, त्याच्याही दीडपट. रामंतापूरच्या तलावाखालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी. वहिनींची नवी कोरी गाडी तळघरात बुडाली, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. आणि तीच सिस्टिम सरकत सरकत पश्चिमेला गेली, दुसऱ्या दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळली. माझ्या सोलापूरच्या मावसबहिणीचा फोन आला होता, ‘तुमच्याकडचा पाऊस आमच्याकडे कशाला पाठवलात गं?’ म्हणून.

त्यामुळे मंगळवारी रात्री मोंथा नरसापूरच्या बाजूला, काकिनाड्याच्या आसपासच, जमिनीवर चढला म्हणताच वहिनींना धडकी भरली. काल सकाळपासून रिपरिप सुरू झाली, तारेवरचे कपडे तसेच ओले, वाऱ्यानं खिडक्या आपटत होत्या. बस्स. केटररला फोन!

आणि झालं काय? दार तेच, पण पाहुणा दुसऱ्या घरी गेला. तेव्हाची सिस्टिम पश्चिमेला सरकत आपल्यावरून गेली, आणि हे वादळ उत्तरेकडे झुकलं. आपल्याकडे नुसती भुरभुर, आणि तिकडे वरंगल, हनमकोंडा पाण्यात. भीमदेवरपल्लीला एका दिवसात 40 सेंटिमीटरच्या पुढे पाऊस, म्हणजे 2020 ला घटकेसरला पडला त्याहूनही जास्त! डोर्नकल स्टेशनात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या जागच्या जागी उभ्या.

काकांचं तर विचारूच नका. गच्चीवर त्यांनी पावसाचं मोजपात्र ठेवलंय, पाहिलंत कधी? वर नरसाळं, आत बाटली, शेजारी काचेचा उभा नळकांड्यासारखा ग्लास, त्यावर रेघा. रोज सकाळी बरोब्बर साडेआठला मोजतात. वेधशाळेचा पावसाचा दिवससुद्धा साडेआठ ते साडेआठच धरतात ना. आज मी मुद्दाम कपडे वाळत घालायच्या निमित्तानं वर गेले. काका चष्मा कपाळावर चढवून, ग्लास डोळ्यांसमोर धरून, पाण्याची कड कुठल्या रेघेला टेकते ते बघत होते. आणि मागून वहिनी आल्या! काका काहीच बोलले नाहीत. नुसता ग्लास त्यांच्यासमोर धरला. वहिनींनी बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘ढग अजून आहेत.’ ढग अजून आहेत! अहो, मला हसू आवरेना, मी तोंडात चिमटा धरला.

पण मग... तुम्हाला माहीत नसेल, आपल्याकडे भांड्याला येणारी आज आलीच नाही. हनमकोंड्याकडची ना ती. तिच्या सासऱ्यांनी कापून झोडपलेलं भात मार्केट यार्डात पसरून ठेवलं होतं, सुकलं की विकायचं म्हणून. ताडपत्री एकच, पाणी खालून शिरलं. फोनवर रडत होती, ‘अम्मा, वडलू सगळं वाहून गेलं.’ मी जिन्यात हे सांगितलं तेव्हा वहिनींचा चेहरा खरा पडला. केटररच्या ॲडव्हान्सवरून सकाळी जो कडकडाट केला होता, तो तिथल्या तिथे थांबला. हळूच म्हणाल्या, ‘त्यांच्याकडे कोणता रंग होता हो?’ काय सांगणार मी? रंग कोणताही असेना, पण ओलं भात रात्रीतून उचलायचं कुठं आणि ठेवायचं कुठं? आपण अंदाज वाचला तो आपल्या ताटापुरता, हे मात्र खरं.

हां, आणि हे विसरलेच. नांदेडहून भावाचा फोन आला होता. त्याचा एकच हट्ट, ‘आमच्याकडे काय होणार ते तूच सांग.’ मराठवाड्याचा अंदाज मुंबईहून येतो, आणि नांदेड तर मुंबईपेक्षा आपल्याच जवळ! म्हटलं, बाबा, ढग सरले की थंडी येईल, स्वेटर काढून ठेव. आकाश मोकळं झालं की दिवसभराची ऊब रात्री भसकन वर निघून जाते, हे काकांकडूनच शिकले मी. आदिलाबादच्या वन्संनी तर रजया उन्हात घालायच्या म्हणून आत्ताच गच्ची झाडून घेतलीय, ऊन नाही तर नाही. आपल्याकडे काय, 1946 च्या जानेवारीत हैदराबादेत पारा 6.1 अंशांवर उतरला होता, आता शहर एवढं वाढलंय की बेगमपेटला नुसता गारवा आणि गच्चीबावलीच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या झाडीत हुडहुडी. तिथं राहणारा आमचा जावई नोव्हेंबर लागला की कानटोपी काढतो, आणि इथं आला की खिशात कोंबतो.

तर काय सांगत होते... भोजनाचं. आंटीगारूंचं नि माझं ठरलंय. रविवारीच करायचं. नवमी टळली तरी पौर्णिमा बुधवारी आहे, कार्तिक काही संपत नाही. केटरर नको. पुळिहोरा आंटीगारूंचा, मसालेभात माझा, तुमची ती कवठाची चटणी. आणि वर्गणीचे पैसे जे जमतील ते भांडेवालीच्या घरी पाठवायचे. पाऊस आलाच तर पार्किंगमध्ये आवळीची फांदी टांगू, त्यात काय! राहिला प्रश्न काकांना बोलवायचा. माझं म्हणणं, वहिनींनाच पाठवू त्यांच्याकडे. ‘काका, रविवारचं काय म्हणता?’ एवढंच विचारायला. पण हे मी सुचवलं असं नको हं दिसायला. तुम्हीच म्हणा, आत्ता भाजीवाला आला की त्या खाली येतीलच.