मिलिमीटर

आमच्या सोसायटीत त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. मेंटेनन्सच्या पावतीवर त्याचं नाव असतं तेवढंच. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्याला 'मिलिमीटर' म्हणतात. वय २९, नोकरी हिंजवडीत, गाडी २०१६ची पांढरी पोलो. गाडीचं माहेर चाकण, म्हणजे आमच्या चिंचवडच्या शेजारचंच. पण तिच्याबद्दल बोलताना तो "जर्मन आहे, काका" असं म्हणतो, जणू काल बंदरातच उतरवून घेतली.

गाडी घेतली तेव्हा तिच्या पोटाखालून सोसायटीतलं मांजर शेपटी वर करून जायचं. मग त्यानं आखूड स्प्रिंगा बसवल्या, गाडी ४० मिलिमीटर खाली आली आणि मांजर वळसा घालून जायला लागलं. एवढ्यावर भागायला हवं होतं. पण गाडी खाली बसली तसं एक नवंच दुःख वर आलं. चाकं म्हणे आत गेल्यासारखी दिसतात. मला काही दिसेना. तेव्हा तो म्हणाला, "काका, कवळी काढल्यावर गाल कसे आत जातात? अगदी तसं." मी कवळी वापरतो हे त्याला ठाऊक आहे.

त्यावर उपाय म्हणजे स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. चकती जेवढी जाड, तेवढं चाक बाहेर. चाक मडगार्डच्या कडेला बरोबर ओळीत आलं, ना आत ना बाहेर, की त्यांच्या पंथात त्याला 'फ्लश' म्हणतात. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला आमच्या प्लंबरचा नंबर दिला होता.

आता किती जाडीची चकती हवी, हे ठरवायला माझ्यासारखा माणूस दुकानात गेला असता आणि "मध्यम द्या" म्हणाला असता. मिलिमीटरनं बी विंगच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. मडगार्डच्या कडेला चिकटपट्टीनं दोरा लावला, लंबक चाकाच्या मध्याखाली सोडला, तो झुलायचा थांबेपर्यंत स्वतः उकिडवा बसून राहिला आणि मग वडिलांच्या व्हर्नियरनं दोरा ते रिम हे अंतर घेतलं. पुढे १७, मागे २०. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्याला कळलं की पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगच्या फरशीला उतार आहे. सगळी मापं रद्द. मग गाडी ढकलत ढकलत जिथे पाणपातळी सपाट दाखवेल अशी जागा शोधली. ती सापडली सेक्रेटरींच्या पार्किंगमध्ये. त्या वादात मी शिरत नाही.

पाचव्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली.

"काका, तुमचं वजन किती?"

"बहात्तर. का रे?"

"माझं एकाहत्तर. चालेल. पाच मिनिटं गाडीत बसता का?"

गाडीत ड्रायव्हर असताना ती जितकी दबते तितकीच मोजताना दबायला हवी, आणि स्वतः मोजायचं तर स्वतः आत बसता येत नाही, असा पेच होता. मी पेपर घेऊन पाऊण तास बसलो. पायावर पाय टाकायला मनाई. श्वास घेतला तर चालेल का, असं मी खवचटपणे विचारलं, तर त्यानं क्षणभर खरोखरच विचार केला.

त्याचे वडील भोसरीला एका टूलरूममध्ये ३१ वर्षं होते. ते व्हर्नियर त्यांचं, मखमली कप्प्याच्या डबीतलं. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत ते मधोमध असतं. यंदा ताटात पाना, हातोडी, त्याच्या आईची शिवणाची कात्री सगळं मांडून झालं आणि डबी उघडली तर रिकामी. व्हर्नियर पार्किंगमध्ये जॅकच्या शेजारी पडलेलं. त्याला तिथेच हळदकुंकू वाहिलं. "शतांशाच्या फरकासाठी आम्हीही जॉब स्क्रॅपमध्ये टाकलेत," वडील मला म्हणाले, "पण आम्हाला त्याचा पगार मिळायचा."

बरं, अंतर १७ निघालं म्हणून १७चा स्पेसर घालायचा नसतो. हे त्यानं मला जिन्यात सांगितलं, माझ्या हातात दुधाची पिशवी असताना. टायरचं पोट रिमच्या बाहेर येतं. खड्ड्यात स्प्रिंग दबली की चाक वर जातं आणि मडगार्डची कड टायरला कापते. म्हणून थोडी माया सोडायची, ब्लाउज शिवताना सोडतात तशी. शिवाय गाडी खाली केली की पुढची चाकं वरच्या बाजूनं किंचित आत झुकतात, मागची झुकत नाहीत. सबब पुढे १२, मागे १५. चकती १५ जाड तर बोल्टही १५नं लांब हवा, कमीत कमी सात-आठ आटे आत गेले पाहिजेत. बोल्टच्या डोक्याखालचा भाग चाकाच्या खाचेला जुळता हवा: गोल खाचेला गोल, निमुळतीला निमुळता. आणि चकतीचं मधलं भोक ५७.१. दूध तापवायची गरज उरली नव्हती, पण ज्ञान पक्कं झालं.

एवढा जाणकार माणूस फसला कुठे, तर बेरजेत. त्यानं मागच्या चाकांसाठी ऑनलाइन मागवलेल्या जोडावर ३० लिहायला हवं होतं. त्यानं १५ बघून घेतला. काही ठिकाणी आकडा दोन्ही बाजूंचा मिळून देतात. पार्सलमधून साडेसात-साडेसातच्या दोन चकत्या निघाल्या. तो पायरीवरच बसला. साडेसातीच ती.

दुसऱ्या खेपेला त्यानं चारही चकत्या लेथवर करून घेतल्या. कारागिरानं भोक ५८ केलं. "नऊ दशांशानं काय होतंय साहेब?" चाक हबवर मधोमध बसलं नाही आणि ८०च्या वेगाला स्टीअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरायला लागलं. त्या चकत्या वाया मात्र गेल्या नाहीत. त्याच्या आईनं ओट्यावर घेतल्या, गरम पातेल्याखाली ठेवायला. पाच भोकांमुळे वाफ छान निघून जाते म्हणतात.

तिसरा संच जमला. टॉर्क रेंचनं बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले. थोडं चालवून ते पुन्हा आवळायचे असतात, म्हणून शंभरेक किलोमीटर भरावेत यासाठी तो लोणावळ्याला जाऊन आला. चिक्की न घेता! मग ओळंबा पुन्हा निघाला, आणि मागच्या डाव्या चाकात आणि उजव्या चाकात तीन मिलिमीटरचा फरक. चकत्या बरोबर होत्या. मागचा आख्खा अ‍ॅक्सलच कणभर एका बाजूला होता. बहुतेक गाड्यांत तो असा असतोच. दोन दिवस तो जेवला नाही. शेवटी वडील म्हणाले, "दोन्ही बाजू एकदम बघू शकणारा माणूस घेऊन ये, मग बोलू."

याच सुमारास साताऱ्याला मुलगी बघायला जायचं ठरलं. आई, वडील, मामा आणि मावशी. आदल्या रात्री त्यानं प्रत्येकाचं वजन विचारलं. मावशीला कुणी वजन विचारत नाही. तिनं उत्तरादाखल त्याचा पगार विचारला. तिला पुढे बसवण्याचा त्याचा बेत होता, पण एसीच्या वाऱ्यानं तिची मान धरते, म्हणून ती मागे उजवीकडे बसली. खंबाटकीच्या दुसऱ्या वळणावर खर्रर्र झालं.

"काय रे लागलं?"

"काही नाही, लाइनर. मावशी, जरा मधे सरक ना."

पुढची चढण मावशीनं मामांच्या मांडीवर काढली.

सरकारी मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो; तो कागदावर चढून उतरतो. मुलीच्या गल्लीतला होता आडव्या नारळाच्या आकाराचा. मिलिमीटरनं गाडी थांबवून सगळ्यांना उतरवलं. मुलीकडचे लोक दारात उभे. त्यांना दिसली ती तिरकी तिरकी सरकत येणारी रिकामी गाडी आणि तिच्यामागे पदर सावरत, रांगेनं चालत येणारे पाहुणे. मुलीच्या आजीला वाटलं, वरातच आली.

असल्या बदलांना कायद्याची परवानगी आहे का, असं मुलीच्या वडिलांनी चहा घेताना विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल आहे, एकेका बदलाला पाच हजारांचा दंड होऊ शकतो. मिलिमीटरला सगळं पाठ होतं. त्यानं पोह्यांचं कौतुक केलं.

लग्न ठरलं, कसं ते मला विचारू नका. परवा तो पत्रिका द्यायला आला. अक्षता ठेवल्या, वाकून नमस्कार केला. मग उंबऱ्यातच घुटमळला.

"काका, वरातीच्या गाडीत तुम्हालाच घेणार होतो. एवढे रविवार बसलात."

"अरे, मग बसतो की."

"नाही, मधे काकूंकडून कळलं, तुम्ही आता शहात्तर झालात." त्यानं नजर खाली घातली. "त्यात फुलांच्या माळा ओल्या असतात. तुम्ही आणि काकू बसनं आलात तर चालेल ना?"